जखमेवरचं मशीन आणि त्याआधीचे तास

सोयाबीन काढणीला आलं की सेनगाव तालुक्यात शिवार आणि रस्ते दोन्ही एकदम गजबजतात. मळणीयंत्रं या शेतातून त्या शेतात रात्री उशिरापर्यंत फिरतात, भरलेल्या ट्रॉल्या मोंढ्याकडे निघतात आणि त्याच अंधाऱ्या रस्त्यांवरून मोटारसायकली धावत असतात. ट्रॉलीचं चाक, रोटाव्हेटरची पाती, मळणीयंत्राचा पट्टा किंवा दोन गाड्यांची समोरासमोर धडक, यांतल्या कशातही पाय सापडला तर तो नुसता मोडत नाही. कातडी फाटते, मांस चेंगरतं, हाडाचं टोक बाहेर येतं आणि शेतातली माती आत जाते. पुस्तकात याला उघडा अस्थिभंग म्हणतात, गावात कंपाउंड फ्रॅक्चर.

असा जखमी सेनगावहून हिंगोलीला आणि तिथून बहुधा नांदेडला जातो. पहिलं ऑपरेशन झालं की घरच्यांच्या कानावर एक शब्द पडतो: व्हॅक. जखमेवर काळा फोम, त्यावर पारदर्शक चिकट पापुद्रा, त्यातून निघालेली नळी आणि पलंगाला अडकवलेला, अधूनमधून गुरगुरणारा डबा. ऋणदाब जखमोपचार हे त्याचं शास्त्रीय नाव. मशीनचं रोजचं भाडं वेगळं, फोमच्या किटचे पैसे वेगळे, दर दोन-तीन दिवसांनी ड्रेसिंग बदलणं वेगळं. घरच्यांचा प्रश्न एकच असतो: यानं पाय वाचेल ना?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर पाय वाचवण्याचं मुख्य काम हे मशीन करत नाही. ते काम पहिल्या काही तासांत होतं, पहिल्या ऑपरेशनच्या टेबलावर होतं आणि उघड्या हाडावर जिवंत मांस वेळेत आणण्यात होतं. मशीन या टप्प्यांमधले दिवस सांभाळतं. पुलाचं काम चालू असताना शेजारून काढलेल्या वळणरस्त्यासारखा त्याचा उपयोग आहे: वाहतूक थांबत नाही, पण पूल बांधावाच लागतो. हे नीट समजलं, तर कुठे धावपळ करायची आणि कुठे खर्चाची चिंता कमी करायची, हे घरच्यांना ठरवता येतं.

लांब हाडांमध्ये उघडे अस्थिभंग सर्वांत जास्त नडगीचे होतात. स्वतःच्या नडगीवर बोट फिरवून पाहिलं की कारण कळतं: पुढच्या, आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाड लागतं, मधे मांस नाही. हाडाला रक्त मिळतं ते आतल्या पोकळीतून आणि बाहेरच्या आवरणाला चिकटलेल्या मांसातून. जोराच्या माराने दोन्ही वाटा तुटतात. जिथे रक्त पोचत नाही तिथे शरीराच्या संरक्षक पेशी पोचत नाहीत आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. जंतूंना मात्र मेलेलं हाड, गोठलेलं रक्त आणि माती असं सगळं एका जागी मिळतं.

जगभरचे डॉक्टर या जखमांची जी वर्गवारी वापरतात ती रॅमन गस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथे मांडली. गस्टिलो मूळचे फिलिपिन्सचे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात. मोठी, पण मांस फारसं न चेंगरलेली दुसऱ्यात. आणि जोराच्या माराची, मांस फाटलेली तिसऱ्यात. १९८४ मध्ये तिसऱ्याचे आणखी तीन भाग झाले: हाड जागच्या मांसाने झाकता येतं तो अ, दुसरीकडून मांस आणावं लागतं तो ब आणि मुख्य रक्तवाहिनी तुटलेली असते तो क. शेतातल्या अपघातात मातीने, शेणाने माखलेली जखम दिसायला लहान असली तरी ती तिसऱ्या प्रकारात धरतात. ब्रिटनमधल्या हाडांच्या आणि प्लास्टिक सर्जनांनी मिळून केलेल्या नियमांतही हाच भेद आहे. जोराच्या माराच्या उघड्या अस्थिभंगाची पहिली सफाई १२ तासांत व्हावी, बाकीच्यांची २४ तासांत. शेतातल्या मातीने बरबटलेली जखम मात्र ताबडतोब थिएटरमध्ये न्यावी. सेनगावच्या माणसाने या नियमातला हा शेवटचा भाग लक्षात ठेवायला हवा, कारण इथल्या कितीतरी जखमा याच रकान्यात बसतात.

म्हणून आधी पहिल्या तासांबद्दल. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीचा हळद बाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे आणि जखम दिसली की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. भाजी चिरताना बोट कापलं तर त्याने फारसं बिघडत नाही. पण हाड दिसणाऱ्या जखमेत हळद, चुना, तंबाखू, राख किंवा पाल्याचा रस कधीही घालू नये. पूड हाडाच्या फटीत जाऊन बसते, निर्जंतुक नसते आणि नंतर सर्जनला ती कणाकणाने खरवडून काढावी लागते. कधी त्या नादात जिवंत मांसही जातं. बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबून धरायचं. झाकण्याआधी मोबाइलवर जखमेचा एक फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती उघडून बघावी लागत नाही. दर उघडण्याबरोबर नवे जंतू आत जायची संधी मिळते. पाय आहे त्याच अवस्थेत फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला बांधायचा, वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असा. चहा-पाणी द्यायचं नाही, कारण पुढे भूल द्यायची असते. हाडवैद्याच्या कामट्यांची आवळ पट्टी तर नकोच. आधीच सुजणाऱ्या पायाचं उरलंसुरलं रक्त ती बंद करते.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला पोलिसांच्या चौकशीचा त्रास होऊ नये, यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ घातलं आहे. तरीही रस्त्यात पडलेल्याभोवती माणसं नुसती उभी राहतात, हे बघवत नाही.

सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयाचं महत्त्व इथे कळतं. तिथे प्लास्टिक सर्जन नसेल, व्हॅकचं मशीन नसेल. पण अँटिबायोटिकचं इंजेक्शन, धनुर्वाताची लस, सलाइन आणि आधाराची पट्टी यांना मोठं रुग्णालय लागत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत पात्झाकिस आणि सहकाऱ्यांनी उघड्या अस्थिभंगाच्या रुग्णांची तुलना केली. अँटिबायोटिक न मिळालेल्यांत जंतुसंसर्ग १३.९ टक्के, सेफॅलोथिन मिळालेल्यांत २.३ टक्के. या जखमांच्या उपचारात एवढा फरक पाडणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. हे इंजेक्शन अपघातापासून तासाभरात मिळावं, असं आज सगळीकडे सांगतात. सेनगावहून नांदेड शंभरएक किलोमीटर. तिथे पोचून, केसपेपर काढून, मग पहिलं इंजेक्शन घ्यायचं म्हटलं तर तो तास कधीच निघून गेलेला असतो. वाटेतल्या पहिल्या सरकारी दवाखान्यात दहा मिनिटं थांबून ते टोचून घेणं आणि वेळ कागदावर लिहून घेणं, हे पुढच्या कुठल्याही मशीनपेक्षा मोलाचं आहे.

दुसरी मोलाची गोष्ट थिएटरमध्ये घडते. सर्जन जखम आणखी मोठी उघडतात, हे ऐकून घरचे घाबरतात. पण आत लपलेली घाण दिसायला दुसरा मार्ग नाही. एकेक स्नायू चिमट्यात धरून पाहतात. रंग लालसर आहे का, हाताला घट्ट लागतो का, चिमटा लावल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. यांत नापास झालेलं मांस काढून टाकतात. मांसापासून पूर्ण सुटलेले हाडाचे तुकडेही काढतात. मग सलाइनने धुणं, मोठ्या जखमेसाठी नऊ-नऊ लिटर. साबणाचं पाणी जास्त चांगलं का, जोराचा फवारा जास्त चांगला का, याचा निकाल २०१५ मध्ये ‘फ्लो’ नावाच्या मोठ्या चाचणीने लावला. तिच्यात भारतातले रुग्णही होते. २,४४७ रुग्णांच्या तुलनेत साधं सलाइन साबणापेक्षा सरस ठरलं आणि फवाऱ्याच्या जोराने काही फरक पडला नाही. म्हणजे इथेही महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो अनुभवी हात आणि घाई न करणारा सर्जन. नंतर हाड जागेवर धरायला बाहेरून सळ्यांची चौकट किंवा आतून रॉड बसवतात.

आता जखम स्वच्छ आहे, पण उघडी आहे. सूज इतकी असते की कातडी ओढून शिवता येत नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहून आणखी काही मेलंय का तपासायचं असतं. या मधल्या काळासाठी व्हॅक.

लावतात कसं? फोम जखमेच्या आकाराचा कापतात, आणि कापतात तो जखमेपासून दूर, म्हणजे चुरा आत पडत नाही. फोमची छिद्रं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि सगळी एकमेकांत उघडणारी, त्यामुळे ओढ तळापर्यंत सारखी पोचते. रक्तवाहिनी, नस किंवा स्नायूबंध उघडा असेल तर त्यावर आधी न चिकटणारी जाळी. वरून पारदर्शक पापुद्रा, चांगल्या कातडीवर चारी बाजूंनी दोन-तीन बोटं जाईल असा. सळ्यांच्या चौकटीभोवती हवा सुटू न देणं सगळ्यांत किचकट, तिथे पापुद्र्याच्या पट्ट्या कापून प्रत्येक सळीला गुंडाळाव्या लागतात. मग पापुद्र्याला भोक, त्यावर नळी आणि मशीन सुरू. क्षणात फुगीर फोम आकसून कातडीच्या खाली बसतो, टणक होतो, वर सुरकुत्या पडतात. तो तसा आकसलेला राहिला म्हणजे हवाबंद बसलंय. आत किती फोम ठेवले त्याचा आकडा वर पेनने लिहितात, कारण विसरलेला तुकडा आत राहिला तर तोच जंतुसंसर्गाचं घर होतो.

आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सहसा १२५ मिलिमीटर पाऱ्याने कमी ठेवतात, म्हणजे हवेच्या एकूण दाबाच्या सहाव्या हिश्शाने. त्याने जखमेच्या कडा जवळ ओढल्या जातात, साचणारं पाणी आणि पू डब्यात जातो, सूज उतरते आणि फोमच्या छिद्रांत ओढल्या गेलेल्या पेशींना ताण बसून त्या वाढू लागतात. चार-सहा दिवसांत जखमेच्या तळाशी लालभडक, दाणेदार मांसांकुर दिसतात. शिवाय वॉर्डमध्ये रोज पट्टी उघडणं टळतं. जखमीच्या वेदनेच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

ओढून घेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तुंबडी गावोगाव लावत असत आणि सुश्रुतसंहितेत शिंग, भोपळा आणि जळू यांनी रक्त काढण्याचं सविस्तर वर्णन आहे. पण उघड्या जखमेवर दिवसेंदिवस मंद ओढ ठेवणं वेगळं. जर्मनीतल्या उल्म शहरात व्हिम फ्लायशमान यांनी १९९३ मध्ये याबद्दल लिहिलं, आणि त्यांचे १५ रुग्ण होते ते उघड्या अस्थिभंगाचेच. अमेरिकेत लुईस अर्जेंटा आणि मायकेल मोरिक्वास यांनी डुकरांवर प्रयोग करून १२५ हा आकडा बसवला आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. तिथून मशीन जगभर गेलं.

मग ते किती उपयोगी? २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनार्ड यांच्या चाचणीने सगळ्यांना सुखावलं. ६२ उघड्या अस्थिभंगांत, साध्या ड्रेसिंगला खोल जंतुसंसर्ग २८ टक्के, मशीनला ५.४ टक्के. चाचणी लहान होती, पण फरक डोळ्यांत भरणारा होता. पुढे ब्रिटनने २४ मोठ्या अपघात केंद्रांत ४६० रुग्ण घेऊन ‘वोल्फ’ ही चाचणी केली. २०१८ मध्ये आलेल्या निकालात खोल जंतुसंसर्ग मशीनला ७.१ टक्के, साध्या ड्रेसिंगला ८.१ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकतो. वर्षभराने पाय किती कामाचा राहिला, यातही दोन्ही गट सारखे. खर्च मात्र मशीनचा जास्त. त्याच वर्षी उपलब्ध पुराव्याच्या कॉक्रन आढाव्यानेही उघड्या अस्थिभंगात मशीनने जखम लवकर भरते, असं मानायला आधार सापडत नाही असं नोंदवलं.

या निकालातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली दिलासा देणारी आहे: मशीन परवडलं नाही किंवा मिळालं नाही म्हणून पाय गेला, असं कुणी मनाला लावून घेऊ नये. चांगली सफाई झालेली जखम साध्या निर्जंतुक ड्रेसिंगखालीही तितकीच सांभाळली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रिटनमधल्या त्या दोन्ही गटांना अनुभवी सर्जनची सफाई आणि प्लास्टिक सर्जनची साथ मिळत होती. आपल्याकडे हाडाचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी भेटतात; मांस-कातडी हलवून झाकणारा सर्जन गाठायला पुन्हा प्रवास, पुन्हा खाटेची वाट. त्या दिवसांत बंद, कोरडी राहणारी जखम सोयीची असते, म्हणून आपल्या डॉक्टरांना व्हॅक आवडतं, आणि मला त्यात चूक वाटत नाही. चूक होते ती त्या सोयीच्या भरवशावर दिवस जाऊ दिले तर. नडगीच्या तिसऱ्या-ब प्रकारच्या जखमांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सगळ्या ३८ रुग्णांना व्हॅक लावलेलं होतं. सात दिवसांच्या आत झाकलेल्यांत जंतुसंसर्ग १२.५ टक्के आणि नंतर झाकलेल्यांत ५७ टक्के. मशीन चालू असूनही.

कारण आवरण निघालेल्या कोरड्या हाडावर मांसांकुर धरत नाहीत. त्यावर रक्तपुरवठ्यासकट मांस आणून बसवावं लागतं, त्याला फ्लॅप म्हणतात. गुडघ्याखालच्या जखमेला पोटरीचा वरचा स्नायू वळवतात, मधल्या भागाला त्याखालचा सोलियस, आणि घोट्याजवळ बहुधा मांडीतून किंवा पाठीतून मांस काढून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडतात. ल्युब्लियानाच्या मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांच्या अनुभवावरून दाखवून दिलं की हे ७२ तासांत केलं तर सर्वांत यशस्वी होतं. त्यांचा तो लेख १९८६ चा. त्याच वर्षी गोदिना स्वतः रस्त्यावरच्या अपघातात गेले. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये एस. राजसेकरन आणि सहकाऱ्यांनी अशा जखमांसाठी गुणांकन पद्धत बनवली. कातडी, हाड, स्नायू आणि रुग्णाची इतर अवस्था यांना वेगवेगळे गुण; एकूण १४ पर्यंत असेल तर पाय वाचवायचा प्रयत्न करायचा, १७ आणि वर असेल तर कापण्याचा विचार. भारतीय रुग्णांवरून भारतात तयार झालेली ही पद्धत आता परदेशातही वापरतात.

कंपनीच्या मशीनऐवजी अनेक सरकारी रुग्णालयांत जुगाड व्हॅक दिसतो: निर्जंतुक केलेला साधा फोम किंवा गॉझ, नाकातून पोटात घालतात ती रायल्स ट्यूब, चिकट पापुद्रा आणि भिंतीतल्या सक्शनची लाइन. गॉझ आणि साध्या सक्शनवर चालणारी पद्धत अमेरिकेत १९८९ मध्येच छापून आली होती, त्यामुळे यात कमीपणाचं काही नाही. दाब मोजणारं घड्याळ मात्र हवंच. भिंतीतल्या लाइनची ओढ मोकळी सोडली तर फार जास्त होते.

आणि वीज हवी. ओढ दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर फोम काढून साधं ड्रेसिंग करायचं असतं, कारण हवाबंद पापुद्र्याखालचा ओला फोम जंतूंना फार मानवतो. मशीनला बॅटरी असते, तरी रात्री तिच्यावर कुणाचं लक्ष आहे, हे घरच्यांनी विचारून ठेवावं. फोम फुगलेला दिसला, सूं सूं असा हवेचा आवाज आला किंवा डबा भरला, तर लगेच नर्सला सांगायचं. डब्यात किंवा नळीत अचानक लालभडक रक्त येऊ लागलं तर ओढ थांबवायची, जखमेवर हाताने दाब द्यायचा आणि मोठ्याने हाक मारायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात दोन वर्षांतले ६ मृत्यू नोंदवले होते. रक्तस्राव हा त्यातला सर्वांत गंभीर धोका, आणि बहुतेक मृत्यू घरी किंवा शुश्रूषागृहात झालेले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगायला हवं. मशीन लावून खेड्यात घरी पाठवण्याची तयारी चालली असेल, तर रात्री दोन वाजता रक्त आलं तर कुठे जायचं, हे ठरल्याशिवाय निघू नये.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण अंगीकृत रुग्णालयातच. तिथल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच गाठावं. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची मे २०२५ पासूनची योजना वेगळी आहे, पहिल्या सात दिवसांत दीड लाखांपर्यंत. मळणीयंत्राचा अपघात तिच्यात बसत नाही.

वॉर्डात डॉक्टर फेरीवर आले की मशीन किती दिवस लावायचं, असं लोक विचारतात. त्याऐवजी हाड झाकलं कधी जाणार आणि कोण झाकणार, हे पहिल्याच दिवशी विचारावं. झाकणारा सर्जन इथे नसेल तर आजच कुठे न्यायचं, हेही. नडगीचं असं हाड जुळायला सहा-सहा महिने, कधी वर्षही लागतं. त्या काळात विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण धुराने हाड जुळणं लांबतं. जखम भरून, माणूस शेतात जाऊ लागल्यावर कधीतरी नडगीवर बारीक छिद्र पडतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी येतं. दुखत नाही म्हणून लोक त्यावर महिनोन्‌महिने पट्टी बांधून काम करत राहतात. ते छिद्र आतल्या हाडापर्यंत गेलेलं असतं. दिसल्याच्या आठवड्यात एक्स-रे काढून ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्याला दाखवावं.